निष्कर्ष मागे घेणारं इंजिन: ड्रूल्सवर उभारलेल्या अलर्ट-गाळणीचं प्रकरण

प्रणाली तशी नेहमीचीच. जावात लिहिलेल्या बऱ्याच लहान-मोठ्या सर्व्हिस, खाली दोन-तीन डेटाबेस, मध्ये मेसेज क्यू आणि कॅश. प्रत्येक घटकावर देखरेख, प्रत्येकाचा स्वतंत्र अलर्ट. डेटाबेस बंद पडला की त्याचा अलर्ट यायचाच, पण त्याच्यावर विसंबलेल्या लॉगिन, ऑर्डर, रिपोर्ट अशा सगळ्या सर्व्हिसही पाठोपाठ बोंब ठोकायच्या. ऑन-कॉलवर (बिघाड निस्तरायच्या पाळीवर) असलेल्याचा फोन वाजत राहायचा आणि त्या गर्दीत मूळ दुखणं कुठलं हे त्यानेच शोधायचं.

ही प्रणाली सांभाळणाऱ्या गटाची मागणी एका वाक्यात मावते: मूळ बिघाडाचा अलर्ट जावा, त्याच्यामुळे आडवे झालेल्यांचे अलर्ट दडपावेत, आणि मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही जो आडवाच राहील त्याचा अलर्ट मग जावा. पहिले दोन भाग सोपे आहेत. खरी मेख तिसऱ्यात आहे.

जुना कोड हे सगळं इफ-एल्सने करत होता. अलर्ट दडपण्याच्या अटी एका मेथडमध्ये आणि दडपण उठवण्याच्या अटी दुसऱ्या मेथडमध्ये. ठरलेल्या देखभालीच्या वेळात अलर्ट नको, नवी आवृत्ती चढत असताना नको, एकाच सर्व्हिसच्या अनेक प्रतींपैकी एखादी पडली तर नको, अशी प्रत्येक नवी अट आली की तिचं उलट रूपही दुसरीकडे लिहावं लागे. घाईत ते राहून जाई. मग एखादा अलर्ट दडपलेलाच राही, किंवा दडपण उठून पुन्हा बसे आणि फोन दोनदा वाजे. या कोडमधले बहुतेक बग दडपण्याचे नव्हते, उठवण्याचे होते. नियम-इंजिन (‘जेव्हा हे, तेव्हा ते’ असे नियम घेऊन निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) आणायचा निर्णय गटाने या निरीक्षणावरून घेतला आणि माझ्या मते तो योग्य कारणासाठी घेतला. ‘इफ-एल्स फार झाले’ एवढंच कारण असतं तर मी विरोध केला असता. इफ-एल्स डीआरएल फाइलमध्ये (ड्रूल्सचे नियम लिहायच्या फाइलमध्ये) नेऊन ठेवले म्हणून कमी होत नाहीत, फक्त त्यांना डीबगर लावणं अवघड होतं.

इंजिनची निवड

जावात पर्याय अनेक होते. जेस हे सँडिया प्रयोगशाळेत अर्नेस्ट फ्रीडमन-हिल यांनी १९९५ पासून घडवलेलं इंजिन. नासाच्या क्लिप्स या जुन्या नियम-इंजिनचा वारसा सांगणारं आणि अभ्यासाला उत्तम, पण मुक्त स्रोत नाही. ईझी रूल्स आटोपशीर आहे, पण काढलेला निष्कर्ष आपोआप मागे घेण्याची सोय त्यात नाही आणि इथे तर तीच हवी होती. जेएसआर ९४ हे नियम-इंजिनांसाठीचं, २००४ मध्ये पक्कं झालेलं जावाचं मानक कुणीतरी चर्चेत काढलं. त्याचा आवाका मात्र इंजिनला हाक कशी मारायची एवढ्यापुरताच आहे. नियम कोणत्या भाषेत लिहायचे याबद्दल ते काहीच बोलत नाही, त्यामुळे ‘उद्या इंजिन बदलता येईल’ या आशेला त्याचा फारसा आधार नाही.

शेवटी ड्रूल्स ठरलं. २००१ मध्ये बॉब मॅकव्हर्टर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प पुढे जेबॉसकडे आणि तिथून रेड हॅटकडे गेला, आता अपाचेच्या छत्राखाली केआयई या प्रकल्पाचा भाग म्हणून चालतो. त्याच्या मुळाशी चार्ल्स फोर्गी यांचं रेटे अल्गोरिदम आहे. १९७९ चा प्रबंध आणि १९८२ चा लेख यांतून ते सगळ्यांपुढे आलं. दर वेळी सगळे नियम सगळ्या फॅक्टवर (इंजिनजवळच्या माहितीच्या नोंदींवर) तपासण्याऐवजी अर्धवट जुळलेल्या अटी स्मृतीत धरून ठेवायच्या आणि जे बदललं तेवढंच जाळ्यातून पुढे ढकलायचं, असं त्याचं गणित. सहाव्या आवृत्तीपासून ड्रूल्समध्ये फ्रीक नावाचं आळशी वळणाचं, म्हणजे गरज पडेपर्यंत काम लांबवणारं अल्गोरिदम आलं, पण पाया तोच. एका वेळी थोडंच बदलतं हे ज्या कामात खरं असतं तिथे हे गणित फळतं. इथे ते होतंच: कोणती सर्व्हिस कोणावर विसंबते हा नकाशा क्वचित बदलतो, बिघाडाचे संकेत मात्र सतत येतात-जातात.

नियम

इंजिनमध्ये दोन प्रकारचे फॅक्ट होते. बाहेरून घातलेले: घटक, अवलंबन, बिघाडाचा संकेत, अलर्ट. आणि नियमांनी काढलेले: ‘वरून बाधित’ (ज्यावर विसंबून आहे त्याच्या बिघाडाने बाधित) आणि ‘दडपलेला’. गाभ्याचे तीन नियम मराठीत उतरवले तर असे दिसतात:

नियम "वरून बाधित, थेट"
जेव्हा: ख हा क वर अवलंबून आहे, क चा बिघाड-संकेत चालू आहे
तेव्हा: तर्काने नोंदव, ख वरून बाधित

नियम "वरून बाधित, साखळीने"
जेव्हा: ख हा क वर अवलंबून आहे, क वरून बाधित आहे
तेव्हा: तर्काने नोंदव, ख वरून बाधित

नियम "दडप"
जेव्हा: ख चा अलर्ट आहे, ख वरून बाधित आहे
तेव्हा: तर्काने नोंदव, ख चा अलर्ट दडपलेला

‘तर्काने नोंदव’ म्हणजे ड्रूल्सचं इन्सर्ट-लॉजिकल. साध्या इन्सर्टने घातलेला फॅक्ट आपण काढेपर्यंत राहतो. इन्सर्ट-लॉजिकलने घातलेल्या फॅक्टला मात्र त्याला जन्म देणाऱ्या अटींचा आधार लागतो. अटी मोडल्या की आधार जातो, आणि शेवटचा आधार गेला की फॅक्टही जातो. त्याच्यावर उभे असलेले पुढचे निष्कर्षही मग एकामागून एक गळतात. दडपण उठवणारी ती दुसरी मेथड गटाने पूर्ण पुसून टाकली. तिच्या जागी काहीच लिहावं लागलं नाही.

इंजिन स्वीकारण्यासारखं मला वाटलं ते या एका गोष्टीसाठी. वेग, किंवा ‘व्यवसायातली माणसं स्वतः नियम लिहितील’ हे नेहमीचं आश्वासन, यांचा मोह मला नव्हता. नियम शेवटी डेव्हलपरांनीच लिहिले. ऑन-कॉलची मंडळी ते वाचू मात्र लागली, आणि तेही काही कमी नाही.

समानतेचा प्रश्न

एका फॅक्टला दोन वाटांनी आधार मिळतो तेव्हा इंजिनला ‘हा तोच फॅक्ट’ हे कळायला हवं. ते कळतं इक्वल्स आणि हॅशकोडवरून, म्हणजे दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवणाऱ्या जावातल्या मेथडवरून. सुरुवातीच्या ‘वरून बाधित’ क्लासमध्ये घटकाच्या नावासोबत निष्कर्ष काढल्याची वेळही होती, लॉगमध्ये बरी दिसते म्हणून. त्यामुळे डेटाबेस आणि क्यू दोन्ही पडले की ऑर्डर सर्व्हिससाठी एका फॅक्टला दोन आधार मिळण्याऐवजी दोन निराळे फॅक्ट तयार होत. पुढे त्यांच्या खालच्या प्रत्येक घटकासाठी पुन्हा दोन, आणि नकाशात वाटा जितक्या जास्त तितकी पिलावळ मोठी. हे लवकर सापडलं. वेळेचं फील्ड गेलं, क्लासचं रेकॉर्ड झालं (जावा १६ पासून रेकॉर्ड पक्कं झालंय आणि इक्वल्स-हॅशकोड फुकट देतं) आणि फॅक्टची संख्या ताळ्यावर आली.

दुरुस्ती बिनचूक होती, पण या दुरुस्तीमुळेच पुढची भानगड गुपचूप घडली. ते कसं, हे खाली येईल.

शांतता

काही काळ सगळं सुरळीत चाललं. मग एकदा वापरणाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या की लॉगिन होत नाही. ऑन-कॉलचा फोन मुका. देखरेखीच्या पडद्यावर पाहिलं तर लॉगिन सर्व्हिसचा अलर्ट तयार झाला होता, त्याची स्थिती मात्र ‘दडपलेला’. डेटाबेस ठणठणीत, क्यू ठणठणीत. मग लॉगिन वरून बाधित कशी?

इंजिनला लावलेल्या अजेंडा-लिसनरच्या (कोणता नियम केव्हा चालला हे टिपणाऱ्या कोडच्या) नोंदींतून उत्तर दोन ओळींत मिळालं:

लॉगिन वरून बाधित, आधार: कॉन्फिग वरून बाधित
कॉन्फिग वरून बाधित, आधार: लॉगिन वरून बाधित

लॉगिन सर्व्हिस आपल्या सेटिंग कॉन्फिग सर्व्हिसकडून घेते, आणि कॉन्फिग सर्व्हिस मागणाऱ्याची ओळख लॉगिनकडून पडताळून घेते. अवलंबनाचं वर्तुळ. असं वर्तुळ असणं चांगलं की वाईट हा वेगळा वाद, पण प्रत्यक्षातल्या प्रणालींत ती असतात.

घटनाक्रम मागे जाऊन लावला तो असा. त्याआधी केव्हातरी डेटाबेस थोडा वेळ पडला होता. लॉगिन डेटाबेसवर विसंबलेली, म्हणून पहिल्या नियमाने ती बाधित झाली. आधार एक, डेटाबेस. दुसऱ्या नियमाने कॉन्फिग बाधित. आधार एक, लॉगिन. पुन्हा दुसरा नियम, उलट दिशेने: लॉगिन कॉन्फिगवर विसंबलेली आणि कॉन्फिग बाधित, तेव्हा लॉगिनला दुसरा आधार. मग डेटाबेस उठला. लॉगिनचा पहिला आधार गेला, दुसरा शिल्लक राहिला. कॉन्फिगचा एकमेव आधार लॉगिन, आणि ती तर अजून बाधितच. दोघांचेही आधार शून्यावर येईनात. कर्जदारच एकमेकांचे जामीन झाले होते. त्या दिवसापासून लॉगिन आणि कॉन्फिग यांचा कोणताही अलर्ट जन्मतःच दडपला जात होता, आणि दोघी धडधाकट असल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता.

डेटाबेसची भानगड नसतीच, तरी हे नियम चुकलेच असते. समजा फक्त लॉगिन बिघडली. पहिल्या नियमाने कॉन्फिग वरून बाधित, दुसऱ्याने लॉगिन वरून बाधित, म्हणजे मूळ बिघाडाचा स्वतःचाच अलर्ट दडपला. वर्तुळात प्रत्येक जण प्रत्येकाच्या ‘वर’ असतो, आणि ‘वरून’ या कल्पनेवर उभा असलेला नियम तिथे अर्थच गमावतो.

आता वेळेच्या फील्डकडे. ते क्लासमध्ये राहिलं असतं तर वर्तुळात प्रत्येक फेरीला नवा फॅक्ट जन्मला असता आणि डेटाबेस पहिल्यांदा पडला तेव्हाच इंजिन अखंड फिरत सुटलं असतं. सगळ्यांना ते दिसलं असतं. समानता सुधारल्यावर फिरणं थांबलं आणि त्याच वर्तुळाने आवाज न करता ठाण मांडलं. चुकीच्या क्लासने जो दोष उघडा पाडला असता तो बरोबर क्लासने झाकला, ही या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

मुळात हे कोडं जुनंच. जॉन डॉइल यांनी १९७९ साली सत्य-राखण प्रणालीची (आधार गेलेले निष्कर्ष मागे घेणाऱ्या यंत्रणेची) मांडणी केली तेव्हाच आधार वर्तुळाकार नसावा, तो गृहीतापर्यंत पोहोचायला हवा, ही अट त्यात होती. ड्रूल्सची साधी सत्य-राखण मात्र आधारांची मोजणी करते. मोजणी शून्य झाली की काढ, एवढाच तिचा हिशेब. जावावाल्यांना हे ओळखीचं वाटायला हरकत नाही: जावा चालवणाऱ्या जेव्हीएमचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली स्मृती मोकळी करणारा भाग) ऑब्जेक्टकडे किती संदर्भ आहेत हे मोजत बसत नाही, मुळापासून तिथवर पोहोचता येतं का ते बघतो. एकमेकांना धरून बसलेल्या दोन निरुपयोगी ऑब्जेक्टना मोजणी कधीच सोडवत नाही म्हणूनच.

दुरुस्ती कुठे करायची

पहिली सूचना आली ती नियमातच पहारा बसवण्याची. बाधेसोबत तिचं मूळही फॅक्टमध्ये ठेवायचं: ‘ख हा म मुळे वरून बाधित’, आणि दडपताना म चा संकेत अजून चालू आहे ना ते पाहायचं. याने ही भुताटकी, म्हणजे मूळ गेल्यावरही उरणारे निष्कर्ष, बरीच आटोक्यात येते. पण फॅक्टची संख्या घटक गुणिले मूळ बिघाड एवढी होते. हजार घटक आणि शंभर एकाच वेळचे संकेत धरले तर वाईटात वाईट एक लाख फॅक्ट. शिवाय वर्तुळातच दोन घटक बिघडले तर ते एकमेकांना दडपतात, तो प्रश्न तसाच राहतो.

गटाने दुसरी वाट धरली. वर्तुळ हा नियमांचा विषयच नाही, तो नकाशाचा विषय आहे. नकाशा नवी आवृत्ती चढते तेव्हाच बदलतो. तेव्हाच साध्या जावात तो तपासायचा, परस्परांवर विसंबलेल्या घटकांचे पुंजके शोधायचे आणि प्रत्येक पुंजका इंजिनला एकच घटक म्हणून द्यायचा. हे काम करणारं रॉबर्ट टार्जन यांचं १९७२ चं अल्गोरिदम घटक आणि अवलंबनं यांच्या बेरजेच्या प्रमाणातच वेळ घेतं. जेग्राफटीसारख्या लायब्ररीत अशा कामाचे क्लास तयार मिळतात. पुंजके एकवटल्यावर उरतो तो वर्तुळ नसलेला नकाशा, आणि तिथे आधारांची मोजणी बिनधोक चालते. नियमांच्या मजकुरात एक अक्षर बदलावं लागलं नाही.

किंमत एकच: लॉगिन आणि कॉन्फिग यांचा अलर्ट आता एकत्र जातो, दोन्ही नावांसह. दोघींपैकी मूळ कोण हे इंजिन सांगत नाही. मला यात गैर वाटत नाही. जिथे दोन सर्व्हिस एकमेकींशिवाय जगू शकत नाहीत, तिथे मूळ शोधायला माणूसच लागतो.

तीक्ष्ण वाचक इथे विचारेल, नकाशा जर जावात चालायचाच असेल तर बाधाही तिथेच का पसरवू नये? पुंजके काढलेच आहेत, वरून खाली एक फेरफटका मारला की झालं. बरोबर आहे. वरचे तीनच नियम असते तर मी इंजिन नको असंच म्हटलं असतं. इंजिनची भाकरी भाजली जाते ती पुढच्या नियमांवर: ठरलेली देखभाल चालू असेल तर बिघाड-संकेत धरायचा नाही, कॅशवरचं अवलंबन ऐच्छिक म्हणून तिथून बाधा पसरत नाही, नवी आवृत्ती चढत असलेल्या घटकाचा संकेत कच्चा मानायचा, आणि अनेक प्रती असलेला घटक त्याची एकही प्रत चालू नसेल तरच पडलेला धरायचा. यातली प्रत्येक अट केव्हाही खरी किंवा खोटी होते आणि तिच्यावर बसलेले निष्कर्ष त्याच क्षणी बदलावे लागतात. ते हाताने लिहायचं तर आपण पुन्हा त्या दुसऱ्या मेथडपाशी येतो.

‘नाही’ म्हणणारे नियम

प्रतींच्या नियमाने एक लहानसा हिसका दिला. ‘एकही चालू प्रत नाही’ ही अट ज्या घटकाच्या प्रती अजून नोंदल्याच नाहीत त्यालाही लागू पडते. सेशन (फॅक्ट धरून नियम चालवणारी इंजिनची एक बैठक) सुरू होताना घटक आधी आणि प्रती नंतर घातल्या जात होत्या, मधल्या क्षणी नियम चालले की सगळे घटक पडलेले. ‘निदान एक प्रत नोंदलेली आहे’ ही जोडअट घातली, आणि सगळे फॅक्ट आत गेल्याशिवाय फायर-ऑल-रूल्सला (नियम चालवण्याच्या आदेशाला) हात लावायचा नाही असं ठरलं.

याहून महत्त्वाचं वळण अलर्ट पाठवण्याचं. आधी चौथा नियम होता: अलर्ट आहे आणि तो दडपलेला नाही, तर फोन वाजव. दडपणारा नियम चालायच्या आत हा चालला तर फोन वाजून जातो, आणि वाजलेला फोन मागे घेता येत नाही. कुणीतरी सेलियन्स (नियमाच्या प्राधान्याचा आकडा) लावून क्रम ठरवला. दोन नियमांपुरतं ते चालतं, पण पुढे कोणाचा आकडा मोठा यावर वाद सुरू होतात आणि नियमांच्या फाइलमध्ये छुपा क्रम रुजतो, जो टाळण्यासाठी तर इंजिन आणलं होतं. गटाने चौथा नियम काढूनच टाकला. आता नियम फक्त निष्कर्ष काढतात. ते शांत झाले की जावा कोड क्वेरीने विचारतो, न दडपलेले अलर्ट कोणते, आणि पाठवतो. बाहेरच्या जगाला हात लावणारी एकही ओळ नियमांच्या ‘तेव्हा’ भागात राहिली नाही.

यालाच जोडून वेळेचा मुद्दा. परिणाम बहुधा कारणाआधी कळतो: लॉगिन सर्व्हिस लगेच ओरडते, डेटाबेसची तपासणी मात्र तिच्या पुढच्या पाळीला होते. म्हणून पाठवणारा कोड प्रत्येक नवा अलर्ट थोडा वेळ रोखून धरतो. ड्रूल्समध्ये काळाचे नियमही लिहिता येतात आणि चाचणीसाठी हाताने पुढे सरकवायचं खोटं घड्याळही मिळतं. तरी एवढ्यासाठी ते आणलं नाही, हे शहाणपणाचं झालं.

बाहेर काढलेलं

कोणत्या घटकासाठी, कोणत्या वेळी, कोणाला फोन करायचा हेही सुरुवातीला स्प्रेडशीटच्या निर्णय-तक्त्यातून ड्रूल्समध्ये येत होतं. त्यात अनुमान काहीच नव्हतं. तीन रकाने पाहून चौथा वाचायचा, बस. ते डेटाबेसच्या एका टेबलात गेलं आणि बदलासाठी नियम पुन्हा बांधण्याची गरज संपली.

बाकी नेहमीची पथ्यं. केआयई-बेस (बांधून तयार केलेला नियमांचा संच) बांधणं महाग असतं, म्हणून एकच बांधून सगळीकडे वापरायचा. सेशन एकाच थ्रेडच्या हाती, संकेत रांगेतून येणार. बंद झालेला संकेत डिलीट करायचाच, नाहीतर स्मृती फुगत जाते. फायर-ऑल-रूल्सला कमाल फेऱ्यांचा आकडा द्यायचा, म्हणजे दोन नियम एकमेकांना चाळवत बसले तर सर्व्हर गिळला न जाता नोंद होते.

चाचणीची पद्धत मात्र बदलली, आणि भुतं पकडण्यासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. आधीच्या चाचण्या एक प्रसंग घेत: डेटाबेस पाड, दडपलेले मोज. सगळ्या हिरव्या. नव्या चाचणीत संकेतांची कशीही उलटसुलट चालू-बंद मालिका बनवतात आणि एका सेशनमधून ती सलग खेळवतात. प्रत्येक पायरीनंतर त्या क्षणी खरे असलेले बाहेरचे फॅक्ट एका कोऱ्या सेशनमध्ये एकदम घालतात आणि दोन्हींकडचे काढलेले निष्कर्ष ताडून पाहतात. इंजिनला इतिहास आठवायला नको, फक्त आत्ताची स्थिती. दोन्हींत एका फॅक्टचाही फरक पडला तर कुठेतरी आधार अडकलेला आहे. जुन्या, पुंजके न काढलेल्या नकाशावर ही चाचणी मुद्दाम चालवली, तेव्हा लॉगिन आणि कॉन्फिगची जोडी तिने लगोलग पकडली. त्यांच्याशिवाय आणखी एक तीन घटकांचं वर्तुळही निघालं, ज्याची तोवर कुणी तक्रार केली नव्हती.